साहाय्यप्राप्त कुटुंबे आणि व्यसनमुक्ती उपचार : अमेरिकेतील कल्याणधोरणाचा एक अभ्यास

सारांश

अमेरिकेत १९९६ साली गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख साहाय्याची जुनी व्यवस्था रद्द होऊन कालमर्यादा व कामाची अट असलेली नवी व्यवस्था अस्तित्वात आली. या साहाय्यावर जगणाऱ्या काही कुटुंबांत आई किंवा वडील दारूच्या अथवा अन्य मादक पदार्थांच्या आहारी गेलेले असतात. अशा कुटुंबांबाबत तेथील राज्यांनी प्रामुख्याने दोन मार्ग अवलंबिले : एक तपासणीचा आणि अपात्रतेचा, दुसरा उपचार व साहाय्य यांची सांगड घालण्याचा. प्रस्तुत लेखात या दोन्ही मार्गांचा कायदेशीर आधार, प्रत्यक्ष कार्यपद्धती आणि फलनिष्पत्ती यांचे विवेचन केले आहे. साहाय्य, बालसंरक्षण आणि उपचार या तीन व्यवस्थांच्या मुदती परस्परांशी जुळत नाहीत, ही या प्रश्नातील मूळ अडचण असल्याचे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : कल्याणकारी साहाय्य, व्यसनाधीनता, उपचार, कालमर्यादा, बालसंरक्षण, मादक पदार्थ तपासणी.

१. प्रस्तावना

व्यसन ही व्यक्तीची बाब आणि साहाय्य ही कुटुंबाची बाब, अशी विभागणी प्रशासनाच्या दृष्टीने सोयीची असते. घरात मात्र ती टिकत नाही. साहाय्याची रक्कम मुलांच्या नावे मंजूर होते आणि आईच्या हाती पडते. आई व्यसनाधीन असेल तर ती रक्कम व्यसनावर खर्च होण्याची भीती असते. रक्कम बंद केली तर त्याची झळ सर्वप्रथम मुलांना पोहोचते. रक्कम चालू ठेवावी तर करदाता नाराज होतो, बंद करावी तर मूल उपाशी राहते, आणि दोन्हीही न करता आईवर उपचार करावेत तर त्यासाठी लागणारा वेळ व पैसा कोणत्या खात्याने द्यायचा, हा प्रश्न उभा राहतो. कल्याणकारी राज्याच्या कसोटीचे जे थोडे प्रसंग असतात, त्यांपैकी हा एक होय.

अमेरिकेत सर्वसामान्य बोलण्यात ‘वेल्फेअर’ हा शब्द मुख्यतः मुले असलेल्या गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख साहाय्यासाठी वापरला जातो. ही कुटुंबे बहुसंख्येने एकट्या मातांची आहेत. म्हणूनच या लेखातील विवेचनात ‘आई’ हा शब्द वारंवार येईल. व्यसनमुक्तीच्या बहुतेक उपचारपद्धती मात्र प्रौढ पुरुषांना समोर ठेवून घडत गेल्या होत्या, ही विसंगती आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. मूल सांभाळण्याची जबाबदारी असलेला रुग्ण त्या पद्धतींनी गृहीत धरलेला नव्हता.

२. साहाय्याच्या व्यवस्थेतील स्थित्यंतर

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत आधारहीन मुलांसाठी साहाय्याची योजना सुरू झाली. १९६२ मध्ये तिचे नाव बदलून ‘अवलंबित मुले असलेल्या कुटुंबांसाठी साहाय्य’ असे करण्यात आले. पात्र कुटुंबाला साहाय्य मिळणे हा या योजनेत कायद्याने दिलेला हक्क होता. १९९४ च्या सुमारास लाभार्थी कुटुंबांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली आणि या योजनेमुळे परावलंबित्व वाढते, अशी टीका तीव्र झाली.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातून ‘गरजू कुटुंबांसाठी तात्पुरते साहाय्य’ ही योजना आली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘टॅन्फ’ या नावाने ओळखली जाते. हक्काची जागा ठोक अनुदानाने घेतली. केंद्र सरकार राज्यांना दरवर्षी मिळून सुमारे १६.५ अब्ज डॉलर देणार आणि पात्रता, रक्कम, शिस्त यांचे बहुतेक तपशील राज्ये ठरविणार, अशी रचना झाली. केंद्रीय निधीतून एका कुटुंबाला आयुष्यभरात जास्तीत जास्त ६० महिने साहाय्य देता येते. अडचणीतील कुटुंबांसाठी राज्यांना २० टक्क्यांपर्यंत सूट देता येते. साहाय्य सुरू झाल्यापासून २४ महिन्यांच्या आत पालकाने काम अथवा कामाशी निगडित उपक्रम सुरू करावा, अशी अपेक्षा आहे. या उपक्रमांसाठी आठवड्याला सर्वसाधारणपणे ३० तास आणि सहा वर्षांखालील मूल असलेल्या एकट्या पालकासाठी २० तास ठरविण्यात आले.

व्यसनाच्या संदर्भात या कायद्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या ठरल्या. पहिली, मादक पदार्थांशी संबंधित गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला टॅन्फ आणि फूड स्टॅम्प या दोन्हींपासून आजन्म वंचित ठेवण्याची. राज्यांना स्वतंत्र कायदा करून ही बंदी नाकारण्याची वा सौम्य करण्याची मुभा होती, आणि पुढील काळात बहुसंख्य राज्यांनी ती वापरली. दुसरी, लाभार्थींची मादक पदार्थांसाठी तपासणी करण्याची राज्यांना परवानगी देणारी. तिसरी, टॅन्फचा केंद्रीय निधी वैद्यकीय सेवांवर खर्च करण्यास मनाई करणारी. म्हणजे लाभार्थीला व्यसन आहे काय, हे शोधण्याची परवानगी राज्यांना मिळाली. ते बरे करण्याच्या वैद्यकीय खर्चासाठी मात्र तोच निधी वापरता येईना.

त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने, ज्यांच्या अपंगत्वाचे निर्णायक कारण व्यसन हेच आहे, अशांचे अपंगत्व साहाय्य १ जानेवारी १९९७ पासून थांबविले. सुमारे दोन लाख व्यक्तींना त्याची झळ पोहोचली. एका आधाराचे दार बंद झाल्याने त्यांतील मुले असलेल्या काही पालकांपुढे टॅन्फ हाच पर्याय उरला, आणि तेथे तर काम हीच पहिली अट होती.

३. प्रश्नाची व्याप्ती

लाभार्थींमध्ये व्यसनाधीनतेचे प्रमाण किती, याविषयी १९९० च्या दशकात सार्वजनिक चर्चेत अतिशयोक्त समज होते. ब्रिजेट ग्रांट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात विविध साहाय्य योजनांच्या लाभार्थींमध्ये दारूचा गैरवापर वा अवलंबित्व ४.३ ते ८.२ टक्के आणि मादक पदार्थांचा गैरवापर वा अवलंबित्व १.३ ते ३.६ टक्के आढळले. ही प्रमाणे सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणांशी मिळतीजुळती होती.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ पासून त्या राज्यातील एका शहरी कौंटीमधील ७५३ लाभार्थी मातांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यात मादक पदार्थांवरील अवलंबित्व सुमारे ३ टक्के आणि दारूवरील अवलंबित्वही जवळजवळ तेवढेच आढळले. त्याच अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश मातांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली आणि जवळजवळ निम्म्या मातांपुढे प्रवासाच्या साधनाची अडचण होती.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मादक पदार्थाचा वर्षातून एखाद्या वेळी वापर आणि त्यावरील अवलंबित्व यांत मोठे अंतर आहे. पहिल्याचे प्रमाण दुसऱ्याच्या कित्येक पट असते आणि सार्वजनिक चर्चेत दोहोंची सरमिसळ होते. शिवाय ही माहिती स्वतः उत्तर देणाऱ्या व्यक्तीकडून मिळते. खरे सांगितल्यास साहाय्य किंवा मूल गमावण्याची भीती असेल तर उत्तर कमी प्रामाणिक असण्याची शक्यता वाढते. तात्पर्य, व्यसनाधीन कुटुंबे लाभार्थींमध्ये अल्पसंख्य आहेत. परंतु त्यांच्या अडचणी एकेरी नसतात. व्यसन, नैराश्य, घरातील हिंसाचार, अपुरे शिक्षण आणि अस्थिर निवारा ही ओझी अनेकदा एकाच घरावर एकत्र येतात. साहाय्याची मुदत संपण्याचा धोका अशाच घरांना अधिक असतो, कारण ज्यांच्यापुढे अडचणी कमी होत्या ती कुटुंबे काम मिळवून आधीच योजनेबाहेर पडलेली असतात.

४. न जुळणाऱ्या मुदती

या प्रश्नाचे वर्णन करताना अमेरिकी अभ्यासकांनी ‘चार घड्याळे’ ही प्रतिमा वापरली आहे. नॅन्सी यंग, सिडनी गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९० च्या दशकाअखेरच्या लेखनातून ती रूढ झाली. एकाच आईच्या संसारात ही चारही घड्याळे एकाच वेळी चालतात. पण प्रत्येकाचा वेग निराळा असतो.

पहिले घड्याळ साहाय्याचे. त्याच्या २४ आणि ६० महिन्यांच्या मुदतींचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरे बालसंरक्षणाचे. १९९७ च्या दत्तकविधान व सुरक्षित कुटुंबे कायद्यानुसार, मूल घरातून काढून प्रतिपालनात ठेवल्यास साधारणतः १२ महिन्यांच्या आत त्याच्या कायम निवासाविषयी सुनावणी व्हावी लागते. शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल प्रतिपालनात राहिले असेल, तर काही अपवाद वगळता, पालकत्वाचा हक्क संपुष्टात आणण्यासाठी राज्याने न्यायालयात अर्ज करावयाचा असतो. तिसरे घड्याळ व्यसनमुक्तीचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मादक पदार्थ गैरवापर संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारतत्त्वांनुसार, निवासी वा बाह्यरुग्ण उपचार ९० दिवसांपेक्षा कमी असल्यास त्यांचा परिणाम मर्यादित राहतो आणि मेथाडोनसारख्या औषधोपचारासाठी किमान १२ महिने लागतात. बरे होण्याच्या प्रवासात पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रसंग येतात, आणि ते उपचाराचे अपयश न मानता उपचारात बदल करण्याची खूण मानावी, अशी वैद्यकीय भूमिका आहे. चौथे घड्याळ मुलाच्या वाढीचे. ते कोणासाठीही थांबत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने १५ महिने म्हणजे निम्म्याहून अधिक आयुष्य.

पहिल्या आणि तिसऱ्या घड्याळातील अंतर २००६ नंतर आणखी स्पष्ट झाले. २००५ च्या तूट नियंत्रण कायद्यान्वये केंद्र सरकारने ‘काम’ या संज्ञेची काटेकोर व्याख्या केली. व्यसनमुक्तीचे उपचार ‘कामासाठी सिद्धता’ या सदरात मोजण्यास मान्यता मिळाली, ही जमेची बाजू. परंतु या सदरातील उपक्रम वर्षाला सर्वसाधारणपणे सहा आठवडे आणि सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक मोजता येत नाहीत. आर्थिक अडचणीतील राज्यांना ही मर्यादा बारा आठवड्यांपर्यंत वाढवून मिळते. २००८ च्या अंतिम नियमांनी हे आठवडे तासांत रूपांतरित केले. सहा वर्षांखालील मूल असलेल्या एकट्या पालकासाठी वर्षाला १२० तास, इतरांसाठी १८० तास.

उदाहरणादाखल, तीन वर्षांचे मूल असलेली एखादी आई आठवड्याला ३० तासांच्या सघन बाह्यरुग्ण उपचारात दाखल झाली, असे समजू. तिचे १२० तास चार आठवड्यांत संपतील. उपचारतत्त्वांनुसार किमान कालावधीचा जेमतेम एक तृतीयांश भाग तेव्हा पूर्ण झालेला असेल. पुढील उपचार केंद्राच्या हिशेबात काम म्हणून धरले जात नाहीत. राज्य तिला उपचार पूर्ण करू देऊ शकते. कायद्याने त्याला आडकाठी नाही. मात्र लाभार्थी कुटुंबांपैकी ५० टक्के कुटुंबे कामात असावीत, या राज्यावरील उद्दिष्टात ती मोजली जाणार नाही. लाभार्थींची संख्या घटली की हे उद्दिष्टही सवलतीने कमी होते, त्यामुळे अनेक राज्यांना काहीशी मोकळीक मिळते. तरीही कार्यालयातील कर्मचाऱ्यासमोरचा नमुना अर्ज जे मोजतो, त्यालाच कालांतराने महत्त्व येते.

५. तपासणी आणि अपात्रतेचा मार्ग

तपासणीच्या समर्थकांचे म्हणणे सरळ आहे. सार्वजनिक पैसा मादक पदार्थांवर खर्च होऊ नये, मुलांचे हित जपले जावे आणि साहाय्य गमावण्याच्या भीतीने पालकाने उपचारांकडे वळावे. या म्हणण्यातील हेतू नाकारण्याजोगा नाही. प्रश्न आहे तो साधनाचा.

मिशिगन राज्याने १९९९ मध्ये संशयाचा कोणताही आधार नसताना सर्व अर्जदारांची तपासणी सुरू केली. काही आठवड्यांतच न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तोवर तपासलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के अर्जदारांत मादक पदार्थांचा अंश आढळला होता आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत तो गांजाचा होता. अपिलांच्या अनेक फेऱ्यांनंतर २००३ मध्ये हा विषय तडजोडीने मिटला.

फ्लोरिडा राज्याने जुलै २०११ पासून तसाच कायदा अमलात आणला. तपासणीचा खर्च अर्जदाराने आधी स्वतः करावयाचा आणि निष्कर्ष निर्दोष आल्यास राज्याने तो परत द्यावयाचा, अशी पद्धत होती. सदोष निष्कर्षाबद्दल एक वर्षाची अपात्रता होती. उपचार पूर्ण केल्यास सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येई, पण उपचारांचा खर्च देण्यास राज्य बांधील नव्हते. सुमारे चार महिन्यांत ४,०८६ अर्जदारांची तपासणी झाली. त्यांपैकी १०८ जणांचे, म्हणजे २.६ टक्के, निष्कर्ष सदोष आले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय न्यायालयाने या तपासणीस स्थगिती दिली. संशयाविना केलेली सरसकट तपासणी म्हणजे राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने निषिद्ध केलेली अवाजवी झडती होय, हे तत्त्व डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही उचलून धरले. त्यानंतर राज्यांचा कल प्रश्नावलीवर अथवा वाजवी संशयावर आधारित तपासणीकडे वळला. २०१२ मध्ये युटाने आणि २०१४ मध्ये टेनेसीने ही पद्धत अवलंबिली.

घटनात्मक मुद्दा बाजूला ठेवला, तरी साधन म्हणून या तपासणीच्या मर्यादा रसायनशास्त्रातच आहेत. लघवीच्या तपासणीत गांजाचे अंश कित्येक दिवस, नियमित वापर असल्यास काही आठवडेही, सापडतात. कोकेन वा हेरॉइनचे अंश दोनतीन दिवसांत नाहीसे होतात. दारू तर बहुधा काही तासांतच शरीरातून निघून जाते. परिणामी, अधूनमधून गांजा ओढणारी व्यक्ती जाळ्यात सापडते आणि रोज दारू पिणारी सुटते. शिवाय तपासणी वापर दाखविते; अवलंबित्व दाखवीत नाही, आणि आई मुलाचा सांभाळ कसा करते, हे तर मुळीच दाखवीत नाही.

अपात्रतेचा आणखी एक परिणाम दिसतो. बहुतेक राज्यांत पालक अपात्र ठरला तरी मुलांपुरते साहाय्य चालू राहते. कधी ते तिसऱ्या व्यक्तीच्या हाती दिले जाते. त्यामुळे घरातील एकूण रक्कम घटते. पण त्याहून मोठे नुकसान असे की पालक आणि कार्यालय यांचा संबंध तुटतो. ज्या आईला शोधून उपचारापर्यंत आणायचे, तीच यादीतून नाहीशी होते. अविश्वासाचे हे वातावरण साहाय्य कार्यालयापुरते मर्यादित नव्हते. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील सार्वजनिक रुग्णालयात गरोदर स्त्रियांची कोकेनसाठी तपासणी करून माहिती पोलिसांना दिली जात असे. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना केलेली अशी तपासणी घटनाबाह्य ठरविली. उपचाराच्या दारात पोलीस उभा असेल, तर त्या दाराकडे येणारी पावले कमी होतात, हा या प्रकरणाचा धडा होय.

६. उपचार आणि साहाय्य यांची सांगड

दुसऱ्या मार्गाची सुरुवात १९९६ च्या आधीच झाली होती. ओरेगन राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी साहाय्य कार्यालयांतच व्यसनविषयक तज्ज्ञ नेमले आणि उपचारांना रोजगार योजनेचा भाग मानले. नॉर्थ कॅरोलायनाने कौंटी कार्यालयांत पात्रताधारक व्यसन-सल्लागार बसविले. केंटकीमध्ये विद्यापीठाच्या साहाय्याने सल्लागार साहाय्य कार्यालयांत काम करू लागले. व्यसनासोबतच मानसिक आजार, घरगुती हिंसाचार आणि शिकण्यातील अडचणी यांचेही मूल्यमापन ते करीत. कॅलिफोर्नियाने आपल्या योजनेत व्यसन व मानसिक आरोग्य यांच्या उपचारांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवली.

या सर्व प्रयोगांत एक सूत्र समान होते. आईला पत्ता देऊन दुसऱ्या इमारतीत पाठविण्याऐवजी तज्ज्ञालाच तिच्यापर्यंत आणावयाचे. कार्यालयात चारदोन प्रश्नांच्या प्राथमिक चाळणीत कबुली देणाऱ्या माता थोड्याच असतात. कबुली बहुधा दुसऱ्यातिसऱ्या भेटीत, ओळख झाल्यावर येते. सल्लागाराला सांगितलेली माहिती आपोआप साहाय्य अधिकाऱ्याकडे जात नाही, ही खात्रीही आवश्यक असते. उपचारांच्या नोंदी गुप्त ठेवण्याविषयीचे १९७० च्या दशकातील केंद्रीय नियम येथे उपयोगी पडले. त्यांच्यानुसार अशी माहिती देण्यासाठी साधारणतः रुग्णाची लेखी संमती लागते.

या मार्गाची काटेकोर कसोटी न्यू जर्सीत पाहिली गेली. जॉन मॉर्गनस्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साहाय्य घेणाऱ्या व व्यसनाधीन असलेल्या ३०२ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. एका गटाला नेहमीची सेवा, म्हणजे चाळणी व उपचारकेंद्राकडे शिफारस, मिळाली. दुसऱ्या गटाला सघन केस मॅनेजमेंट देण्यात आली. यात एक कार्यकर्ती एकाच स्त्रीचा दीर्घकाळ पाठपुरावा करते, घरी जाते, मूल सांभाळण्याची आणि प्रवासाची सोय लावते, भेट चुकली तर शोध घेते आणि उपचारांतील हजेरीबद्दल लहानशी बक्षिसेही देते. २४ महिन्यांच्या पाहणीअखेर दुसऱ्या गटात व्यसनापासून दूर राहणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. पूर्णवेळ नोकरीत असलेल्यांचे प्रमाण सघन गटात २२ टक्के, तर नेहमीच्या गटात ९ टक्के होते.

हे यश जसे खरे, तसे मर्यादितही आहे. सर्वोत्तम सेवा मिळूनही चारपैकी तीनहून अधिक स्त्रिया दोन वर्षांनी पूर्णवेळ नोकरीत नव्हत्या. न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक साहाय्य घेणाऱ्या व्यसनाधीन प्रौढांसाठी राबविलेल्या सघन पाठपुराव्याचे मूल्यमापन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे उपचारांत दाखल होण्याचे प्रमाण थोडे वाढले. परंतु रोजगारात वा साहाय्यावरील अवलंबनात फरक दिसला नाही. तेथील लाभार्थींत मुलांविना राहणाऱ्या प्रौढांचा भरणा होता. यावरून केवळ ‘पाठपुरावा’ या नावाने सर्वत्र सारखे फळ मिळत नाही. पाठपुरावा कोणाचा, किती काळ आणि कोणत्या साधनांनिशी, यावर ते अवलंबून असते.

उपचारांचे स्वरूपही रोजीरोटीशी जुळावे लागते. मेथाडोनसाठी आरंभी रोज केंद्रावर जावे लागते. सकाळच्या पाळीची नोकरी आणि मुलाची शाळा यांच्याशी ते जुळतेच असे नाही. २००२ मध्ये मान्यता मिळालेले ब्युप्रेनॉर्फिन डॉक्टरांच्या दवाखान्यातून घेता येते, त्यामुळे अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात पर्याय वाढला. निवासी उपचारांत आईसोबत मुलाला राहू देणारी केंद्रे हा आणखी एक महत्त्वाचा दुवा होय. उपचारासाठी मूल सोडून जावे लागणार असेल, तर अनेक माता उपचारच टाळतात.

७. निधीचा प्रश्न

टॅन्फचा केंद्रीय पैसा वैद्यकीय सेवेसाठी चालत नाही. मात्र समुपदेशन, प्रवास, पाळणाघर अशा अवैद्यकीय बाबींसाठी चालतो. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून करावयाचा जो किमान खर्च ठरलेला आहे, तो केंद्रीय निधीत मिसळला नसल्यास वैद्यकीय उपचारांसाठीही वापरता येतो. त्यापलीकडे व्यसनप्रतिबंध व उपचारांसाठीचे स्वतंत्र केंद्रीय ठोक अनुदान आणि गरिबांसाठीची मेडिकेड ही आरोग्ययोजना, हे मुख्य स्रोत. पण मेडिकेडच्या १९६५ पासूनच्या एका नियमानुसार, मानसिक व व्यसनविषयक उपचार करणाऱ्या सोळाहून अधिक खाटांच्या संस्थांमधील २१ ते ६४ वयोगटाच्या रुग्णांचा खर्च सामान्यतः दिला जात नाही. अलीकडच्या वर्षांत विशेष परवानग्यांनी ही अट काहीशी शिथिल झाली आहे.

उपचारांवरील खर्च आणि त्यांतून होणारी बचत वेगवेगळ्या खात्यांत पडते, ही अडचण अधिक खोल आहे. कॅलिफोर्नियातील १९९४ च्या सुप्रसिद्ध पाहणीत उपचारांवरील एका डॉलरमागे समाजाचे सात डॉलर वाचतात, असे अनुमान निघाले. पण ही बचत मुख्यत्वे गुन्हेगारी घटल्यामुळे होती. ती तुरुंग आणि पोलीस खात्यांच्या अंदाजपत्रकात दिसते. खर्च करणाऱ्या खात्याच्या पदरी श्रेय पडत नाही, म्हणून उत्साहही येत नाही.

१९९६ पासून ठोक अनुदानाची रक्कम जवळजवळ तेवढीच राहिली आहे. महागाईमुळे तिचे मूल्य ४० टक्क्यांहून अधिक घटले. बहुतेक राज्यांत तीन जणांच्या कुटुंबाला मिळणारे कमाल साहाय्य दारिद्र्यरेषेच्या निम्म्याहूनही कमी आहे. साहाय्यच इतके तुटपुंजे झाले की ते रोखून धरण्याच्या धाकातील बळही ओसरते.

८. २०१० नंतरचे बदल

या काळात उपचारांचे केंद्र साहाय्य कार्यालयाकडून आरोग्य व्यवस्थेकडे सरकले. २००८ च्या कायद्याने विम्यात मानसिक व व्यसनविषयक उपचारांना शारीरिक उपचारांच्या बरोबरीचे स्थान दिले. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार २०१४ पासून अनेक राज्यांनी मेडिकेडची व्याप्ती वाढविली आणि व्यसनोपचार हा अत्यावश्यक लाभ ठरला. २०१८ च्या ‘कुटुंब प्रथम’ कायद्याने प्रतिपालनाचा केंद्रीय निधी मूल घराबाहेर जाण्यापूर्वीच पालकाच्या व्यसनोपचारांसाठी वापरण्यास मुभा दिली. निवासी उपचारकेंद्रात आईसोबत राहणाऱ्या मुलाचा बारा महिन्यांपर्यंतचा खर्चही त्यातून देता येतो. बालसंरक्षणाचे आणि उपचारांचे घड्याळ जुळविण्याचा हा कायद्याच्या पातळीवरील महत्त्वाचा प्रयत्न म्हणता येईल.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मात्र विस्तारित मेडिकेडच्या प्रौढ लाभार्थींना महिन्याला ८० तास काम वा तत्सम उपक्रमाची अट घातली. ती जास्तीत जास्त १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करावयाची आहे. व्यसनोपचार घेणाऱ्यांना तीतून वगळण्याची तरतूद आहे. तथापि सूट मिळविण्यासाठी व्यसन सिद्ध करणारी कागदपत्रे कोणी, कशी सादर करावयाची, हा जुनाच प्रश्न नव्या योजनेत पुन्हा उभा राहतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांत व्यसनाधीनांचे प्रमाण लोकसमजापेक्षा पुष्कळ कमी आहे. मात्र या अल्पसंख्य कुटुंबांच्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असतात.

(२) सरसकट तपासणीने फारच थोडे रुग्ण सापडले. दारूचे व्यसन ओळखण्यास ते साधन जवळजवळ निरुपयोगी ठरते आणि घटनात्मक कसोटीवरही ते टिकले नाही.

(३) उपचारांना कामाच्या सदरात स्थान देऊनही त्यांना सहा आठवड्यांची मर्यादा घालणे, हे ९० दिवसांच्या वैद्यकीय किमान कालावधीशी विसंगत आहे.

(४) एका कार्यकर्तीने दीर्घकाळ केलेला पाठपुरावा, मुलांच्या सांभाळाची सोय आणि माहितीच्या गुप्ततेची हमी या गोष्टी एकत्र आल्या तेथे व्यसनमुक्ती आणि रोजगार या दोहोंत सुधारणा दिसली. तीही सर्वांच्या वाट्याला आली नाही.

(५) उपचारांचा खर्च एका खात्याकडे आणि त्याचा लाभ दुसऱ्या खात्याकडे जातो, तोवर ही सांगड काही राज्यांच्या प्रयोगांपुरतीच मर्यादित राहण्याचा संभव आहे.

समाजकार्य, लोकप्रशासन, अर्थशास्त्र, कायदा आणि मानसशास्त्र या पाचही विद्याशाखांना हा विषय एकाच वेळी स्पर्श करतो. कायद्यातील एखाद्या मुदतीचा आकडा बदलला की त्याचा परिणाम एखाद्या मुलाने रात्री कोणाच्या घरी झोपावे, इथपर्यंत पोहोचतो. धोरणाचा अभ्यास करताना त्या आकड्यामागे कोणत्या शास्त्राचा आधार आहे आणि कोणत्या केवळ प्रशासकीय सोयीचा, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.